चारशे सतरा नंबरचा किल्ला

३ फेब्रुवारी, सकाळ

डॉक्टरने ही वही दिली. रोज बी.पी. मोजून लिहायचं. वरचं एका रकान्यात, खालचं दुसऱ्यात. दोनशे पानांची वही आणि दिवसाला दोन आकडे. मी चौथी पास आहे. तेव्हा अक्षर मोत्यासारखं होतं, पुढे हात भांड्यांत गेले ते गेलेच. म्हणून ठरवलं, वहीच्या पुढून बी.पी. आणि मागून माझं. मागचं कुणी वाचायचं नाही. डॉक्टरनेसुद्धा.

ठराव तीन. एक, मीठ कमी. दोन, रोज अर्धा तास चालणं. तीन, दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही.

बी.पी. मोजलं नाही. पट्टा दंडाला फार आवळतो. चांगलंच असणार.

४ फेब्रुवारी

चालले नाही. वारा होता.

मीठ कमी केलं. काकडीवर घेतलं ते कच्चं, ते धरत नाहीत.

५ फेब्रुवारी

चालले नाही. वारा नव्हता, पण सुटेल असं वाटत होतं.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

नात जुन्या वास्तूंच्या ऑफिसात लागली आहे. मला वाटायचं, फायलींवरची धूळ झटकत असेल. आज जेवणाच्या टेबलावर मोठे मोठे करडे कागद पसरून बसली, तेव्हा नीट विचारून घेतलं.

विमानातून खाली लेझरच्या उजेडाच्या टाचण्या मारतात. लाखांनी. काही झाडांच्या पानांवर अडकतात, काही फटींतून जमिनीपर्यंत जाऊन वर परत येतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून जमीन किती खाली ते कळतं. मग कॉम्प्युटरवर झाडांच्या टाचण्या वेचून टाकायच्या. खाली उरते उघडी जमीन. म्हणजे रानाची हजामतच. मग जुने तट, खंदक, गढ्या असं काय काय दिसायला लागतं. एरवी त्याच्यावरून माणूस चालत गेला तरी झाडीत त्याला पत्ता लागत नाही.

मी म्हटलं, एवढ्यासाठी विमान कशाला, मला विचारायचं. नात म्हणाली, आजी, तुला गं कसं कळणार? म्हटलं, चादर कितीही ताणून घातलेली असो, गादीखाली तुझ्या बापाने काय दडवलंय ते मला दारातून कळायचं. हेही तेच काम आहे.

नात हसली. पण एक कागद माझ्याकडे सरकवला.

७ फेब्रुवारी

टेबलावर माझी खुर्ची ठरलेली आहे. तिथून गॅस दिसतो, दार दिसतं आणि कोण काय टाकून उठतं ते दिसतं. नात समोर बसते. त्यामुळे कागद तिच्या बाजूने सुलटे, माझ्या बाजूने उलटे.

नात म्हणाली, आजी, इकडे येऊन बस, नाहीतर कागद फिरवून घे. या चित्रात उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून पडलाय असं धरलेलं असतं. कागद उलटा धरलास तर डोळा फसतो. खड्डा असेल तिथे उंचवटा दिसतो, आणि उंचवट्याच्या जागी खड्डा.

म्हटलं, कागद उलटा केला म्हणून जमीन थोडीच उलटी होते?

म्हणाली, अगं करून बघ. म्हटलं, चाळीस वर्षं या खुर्चीवरून मला सगळं बरोबर दिसलंय, तू परवा जन्मलीस.

९ फेब्रुवारी

ऑफिसला स्वयंसेवक हवे आहेत. कागद हजारो आणि बघायला माणसं चार. शेजारच्या मास्तरांनी आधीच नाव दिलंय. भूगोल शिकवून रिटायर झाले, आता भिंग घेऊन बसतात. तीन आठवड्यांत त्रेसष्ट कागद. प्रत्येकासाठी फॉर्म भरायचा, वर नावाऐवजी स्वयंसेवकाचा नंबर. काय दिसलं, केवढं दिसलं, आणि खात्री किती: कमी, मध्यम की जास्त. मास्तरांनी त्रेसष्टच्या त्रेसष्ट ठिकाणी 'कमी' लिहिलंय. जन्मभर पोरांकडून नद्या पाठ करून घेतल्या, आणि स्वतःची खात्री कमी.

मीही नाव दिलं. यात तिसरा ठराव मोडत नाही. जमीन सगळ्यांची असते.

१० फेब्रुवारी

नात दोन आठवडे बाहेरगावी कामावर गेली. जाताना मला चाळीस कागद दिले. कागदावर गावाचं नाव नाही, रस्त्याचं नाही, कोपऱ्यात नुसता नंबर. जागा कळली की लोक गुप्तधन शोधायला कुदळी घेऊन धावतात म्हणे. कुठला नंबर कुठली जागा, ते फक्त तिच्या ऑफिसातल्या मॅडमना माहीत. नातीलाही नाही.

दारातून ओरडली, आजी, कोपऱ्यातला बाण वर ठेवायचा हं!

ठेवून बघितला. बाण वर ठेवला की सगळीकडे खड्डेच खड्डे. बाण खाली केला की कशी छान उठावदार चित्रं दिसतात. खड्डे बघायला कोण नाव देतं? बाण खाली.

११ फेब्रुवारी

बारा कागद झाले. नऊ किल्ले.

चालले नाही. कामात होते.

१२ फेब्रुवारी, सकाळ ११

नंबर ४१७.

अक्षर वाकडं येतंय. बी.पी. नव्हे. (मोजलं नाही.)

मधोमध उंचवटा. वाटोळा, डब्याचं झाकण ठेवून काढल्यासारखा. भोवती खंदक, सगळीकडे एकाच रुंदीचा. एका अंगाने सरळ वाट थेट उंचवट्यापर्यंत आलेली, सूत धरून आखल्यासारखी. आणि माथ्यावर काळाभोर गोल डाग. बाकी सगळा कागद करडा, एवढंच काळं.

नातीला फोन केला. म्हटलं, कागदावर काळं असलं म्हणजे काय गं? म्हणाली, तिथून उजेड परत आलेला नाही. का? कुठे आहे काळं? म्हटलं, कुठे नाही, सहज. बरोबर जुळलं. राजाची बैठक असणार, काळ्या फरशीची. तिच्यावरून उजेड कसला परत येतोय?

ज्या कुणी हे केलं त्याचा हात सरळ होता, आणि मन हातापेक्षा सरळ. एक फावडं इकडे नाही, एक तिकडे नाही. अशी कामाची माणसं आता कुठे राहिली? आमच्या ह्यांनी भिंतीत एक खुंटी ठोकली होती. टॉवेल अडकवला की खुंटीसकट खाली.

१३ फेब्रुवारी

मुलाचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. ट्रक रस्त्यावर उभे राहतात, पोलीस येऊन रोज शिव्या घालतो. जेवताना म्हणाला, आई, उतारावरचा आपला तुकडा सपाट करून घेतो, तिथे ट्रक लावता येतील. पंचवीस तारखेला मशीन येतंय. तुकडा तुझ्या नावावर आहे, तेव्हा सही लागेल.

म्हटलं, आण कागद. बुजव एकदाचा तो खड्डा.

सूनबाईने विचारलं, कसला खड्डा? तिला माहीत नाही, ती नंतर आली. हे पाणीखात्यात मीटर वाचायचे. जन्मभर लोकांचं पाणी मोजलं, मग स्वतःचं हवं वाटायला लागलं. दर सुट्टीला सायकलला फावडं बांधून उतारावर. तळं करणार होते. वरच्या झऱ्यापासून चर खणून पाणी आणायचं, तळं भरायचं आणि काठावर बसून राहायचं. एवढाच बेत. अकरा वर्षं खणत होते. पाणी यायचं आणि आठवड्याभरात जिरून जायचं. तिथे खुणांची पट्टी रोवली होती म्हणे. घरी आले की बूट काढायच्या आधी आकडा सांगायचे. आज दोनवर आहे. आज तीनवर. तीनच्या वर कधी ऐकलं नाही. मी म्हणायचे, तुमच्या खड्ड्याचं कौतुक पुरे, आधी पाय धुवा.

सूनबाईने विचारलं, तुम्ही बघितलं होतं का? म्हटलं, मी डबा बांधून द्यायचे. खड्डे बघत फिरायला मला वेळ नव्हता.

पुढे ह्यांचे गुडघे गेले, मग हे गेले. त्यालाही बावीस वर्षं झाली. आता तिथे नुसतं रान माजलंय.

१४ फेब्रुवारी

सगळे फॉर्म पोस्टाने पाठवले. चाळीस कागदांत अठ्ठावीस किल्ले. ४१७च्या फॉर्मवर खात्रीच्या रकान्यात 'जास्त' हा शब्द फार लेचापेचा वाटला. खोडून लिहिलं, 'आहेच'.

सोबत मॅडमना वेगळं पत्र, खाली सहीऐवजी तोच नंबर. ही जागा ज्याच्या मालकीची आहे तो इसम अत्यंत बेपर्वा असला पाहिजे, नाहीतर आजवर गप्प बसला नसता. अशा माणसाच्या हाती एवढं मोलाचं काम ठेवू नये. त्याने तिथे फावडं लावायच्या आत त्याला सरकारी कागद पाठवावा आणि चांगला दम द्यावा.

कडक झालंय पत्र. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा सूनबाईला वाचून दाखवलं.

१५ फेब्रुवारी

मास्तरांनी कुंपणावरून विचारलं, आजीबाई, किती सापडले? म्हटलं, अठ्ठावीस किल्ले. मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, एवढे राजे होते तर शेती कोण करायचं हो?

जळतात लोक.

१७ फेब्रुवारी

४१७ला पाटी लागेल. नातीच्या ऑफिसने बाकीच्या ठिकाणी लावल्यात तशी. खाली बारीक अक्षरात 'शोध' आणि पुढे माझं नाव. सासरचं लिहायचं की माहेरचं, यात सकाळ गेली. माहेरचंच. ह्यांच्या घराण्यात कुणी काही शोधलेलं नाही, ह्यांना तर स्वतःचा चष्मा सापडायचा नाही.

चालणं: चौदा तारखेला पोस्टापर्यंत गेले होते. ते तीन दिवसांत वाटून टाकलं.

२० फेब्रुवारी, दुपार

घरावर सरकारी पत्र. माझ्या नावाने!

आपल्या मालकीच्या उतारावरील जमिनीत ऐतिहासिक मातीकाम असण्याची शक्यता एका जागरूक स्वयंसेवकाने कळवली आहे. तपासणी होईपर्यंत तेथे कोणतेही खोदकाम वा सपाटीकरण करू नये. केल्यास कारवाई होईल. वगैरे.

ऐतिहासिक! त्या खड्ड्यात! माझ्या नवऱ्याने खणलेला खड्डा मला ऐतिहासिक म्हणून सांगतात! कोण हा जागरूक? घरात काम नसलं की लोकांना दुसऱ्याच्या जमिनीत डोकवायचे उद्योग सुचतात. कागदावर चार रेघा दिसल्या की निघाले किल्ला किल्ला करत.

मुलाने डोक्याला हात लावला. मशीनवाल्याला नाही म्हणून कळवावं लागलं. आता तो म्हणतो, पुढची तारीख महिन्यानंतर.

हे काम कुणाचं, मला चांगलं ठाऊक आहे.

२१ फेब्रुवारी

मास्तरांना कुंपणाशी गाठलं. म्हटलं, मास्तर, एवढी वर्षं आमच्या घरचा चहा प्यालात, त्याचे असे पांग फेडलेत? मास्तर म्हणाले, काय झालं? म्हटलं, माझी जमीन, माझा खड्डा, तुम्हाला कुणी चौकशा सांगितल्या होत्या? म्हणाले, आजीबाई, मी सगळीकडे 'खात्री कमी' लिहितो. त्याच्यावर सरकार कुणाला पत्र पाठवेल का? काहीतरी ठासून लिहिणाऱ्याचं काम दिसतंय हे.

गुन्हेगार असाच बोलतो. बोलणं बंद केलं आहे.

२२ फेब्रुवारी

दवाखाना. जायच्या आधी वहीच्या पुढच्या बाजूला वीस दिवसांचं बी.पी. एका बैठकीत भरलं. १२०, ८०. १२०, ८०. सगळीकडे सारखं, म्हणजे गोंधळ नको. डॉक्टरने वही बघितली, मला बघितलं, पट्टा बांधला. १७०. म्हणाला, आजी, वहीतली बाई कोण आहे? तिला आणा पुढच्या वेळी.

आगाऊ आहे.

नवीन गोळी. ठराव तेच, आजपासून.

२४ फेब्रुवारी

नात आली. उन्हात काळवंडली आहे, पायाला फोड. पत्र दाखवलं. म्हणाली, अगं, सत्तावीसला मॅडम स्वतः येणार आहेत बघायला. कुठलासा फार जोरदार फॉर्म आलाय म्हणे. ऑफिसात त्याचीच चर्चा.

मी म्हटलं, येऊ देत. मीही येते. त्या जागरूकाचं नाव तोंडावर विचारते.

मग म्हणाली, आजी, बाण वर ठेवला होतास ना? म्हटलं, बाण जिथे असायला हवा तिथेच होता.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ ५

सविस्तर लिहिते. पाय गरम पाण्यात आहेत.

उताराच्या खाली गाडी थांबली. मी, मुलगा, नात आणि मॅडम. मॅडम म्हणजे काटकुळी बाई, पायात पुरुषी बूट, बगलेत फाईल. पुढे मुलगा कोयत्याने काटे तोडत, मागे मी नातीच्या खांद्यावर हात टाकून. एवढं वर असेल असं वाटलं नव्हतं. हे दर सुट्टीला सायकल घेऊन कसे यायचे कोण जाणे. सायकल खाली लावत असणार.

झाडीतून एकदम मातीचा बांध आला. माझ्या खांद्याएवढा, वर गवत. दोघांनी हात धरून मला वर चढवलं.

पलीकडे पाणी.

गोल. काठोकाठ नाही, पण पाणी. त्यात आभाळ पडलेलं.

मी म्हटलं, हे कुणाचं? मुलगा म्हणाला, आई, हे बाबांचंच. लहानपणी आलोय ना मी. पण तेव्हा नुसता चिखल होता.

तेवढ्यात मॅडमनी फाईल उघडली. वर कागद. नंबर ४१७. खाली फॉर्म. मॅडम म्हणाल्या, खात्रीच्या रकान्यात 'आहेच' असं लिहिणारा माणूस मला भेटायचाय. नातीने माझ्याकडे बघितलं. मग मुलाने. मी एका झाडाकडे बघितलं. चांगलं झाड होतं.

अक्षर बघताक्षणी ओळखीचं वाटलं होतं, पण मी म्हटलं, आधी त्यांचं होऊ दे.

मग त्या बाईने माझं पत्र मोठ्याने वाचलं. ही जागा ज्याच्या मालकीची आहे तो इसम अत्यंत बेपर्वा असला पाहिजे. मुलगा बांधावर बसला. मला वाटलं चक्कर आली. हसत होता. एवढा मोठा बाप्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाला, आई, तूच स्वतःला दम दिलास गं!

मॅडम चांगल्या आहेत, हसल्या नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि हळूच फिरवला. बाण वर. माझ्या डोळ्यांदेखत किल्ला आत गेला. उंचवट्याचा झाला खड्डा. खंदक होता तो वर आला, तो हाच बांध, मी उभी होते तो. राजाची वाट खाली बसली, ती वरच्या झऱ्यापासून आणलेली चर. मग काळं बोटाने दाखवून मॅडम म्हणाल्या, आणि हे पाणी. पाण्यात पडलेला उजेड परत येत नाही, पाणी तो पिऊन टाकतं.

मी म्हटलं, इथे पाणी टिकत नाही. अकरा वर्षं टिकलं नाही.

म्हणाल्या, मग हे काय आहे? म्हटलं, ते मलाही दिसतंय, पण टिकत नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. इतकी वर्षं झाडांची पानं पडली, कुजली, चरीतून बारीक गाळ आला, तळाला बसत गेला. भेगा बुजल्या. असं व्हायला वीसेक वर्षं लागतात. ज्यांनी खणलं त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मग फीत काढून मोजलं. चारही बाजूंनी आरपार. फरक वीतभराचा. मॅडमनी विचारलं, किती माणसं होती खणायला? म्हटलं, एकच. म्हणाल्या, एकट्याने? म्हटलं, डबा मी द्यायचे.

काठाजवळ लोखंडी पट्टी आहे. एकपासून सहापर्यंत खुणा, आकडे ह्यांच्या वळणाचे, मीटरच्या पावतीवर असायचे तसे. सहाच्या वर पत्र्याचा तुकडा, त्यावर लिहिलंय 'भरलं'. पाणी पाचवर होतं.

उतरताना मुलाने विचारलं, आई, काय झालं? म्हटलं, गुडघा.

२ मार्च

नातीने माझे बाकीचे सत्तावीस किल्ले सुलटे करून तपासले. तेरा खडीच्या खाणी. नऊ वीटभट्टीचे मातीचे खड्डे. चार काय ते कळत नाही. एक कचरा टाकायची जागा, अजून चालू.

मास्तरांचा एक 'कमी' खरा निघाला. जुना तट, तीन-चारशे वर्षांचा तरी. पाटी लागणार. मास्तर म्हणतात, नक्की सांगता येत नाही.

स्वयंसेवकपद सोडलं. डोळ्यांना त्रास होतो.

५ मार्च

ऑफिसचा शेवटचा कागद आला. क्रमांक ४१७. प्रकार: खड्डा. काळ: आधुनिक. महत्त्व: नाही. सपाटीकरणास हरकत नाही.

चारदा वाचलं. म्हणे खड्डा! ही सरकारी माणसं जागेवर येतात, फीत लावून मोजतात, पाणी डोळ्यांनी बघतात, आणि घरी जाऊन खड्डा लिहितात! ज्याने अकरा वर्षं सुट्टीचा एक दिवस घरी काढला नाही, त्याच्या कामाला खड्डा म्हणायला काही लाज? एवढं बेफिकीर कुणी असू शकतं का?

बी.पी. मोजलं. लिहीत नाही.

लगेच अर्ज केला. खड्डा नव्हे, तळं. दुरुस्ती करून पाठवावी.

६ मार्च

मुलगा सहीचा कागद घेऊन आला. मशीन मोकळं झालंय, शुक्रवारी येतंय. कागद वाचला. दुसऱ्या पानावर, 'सदर जागेतील खड्डा बुजवून'. म्हटलं, माझ्या जागेत खड्डा नाही. चुकीच्या कागदावर मी सही करत नाही.

मुलगा म्हणाला, आई, शब्दाचं काय घेऊन बसलीस? म्हटलं, चौथीतसुद्धा मी चुकीचं लिहिलं नव्हतं.

७ मार्च

कागद बदलून आणला. 'सदर जागेतील तळे बुजवून'.

म्हटलं, वेड लागलंय का तुला? तळं कुणी बुजवतं का?

मुलगा म्हणाला, अगं, तूच म्हणालीस ना, बुजव एकदाचा! म्हटलं, तो खड्डा होता. मुलाने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने छताकडे बघितलं. मुलगा म्हणाला, मग माझे ट्रक मी कुठे लावू, तुझ्या खुर्चीवर? म्हटलं, उताराच्या पायथ्याची पट्टी सपाट आहे, तिथे लाव. म्हणाला, तिथे दोन मावतात. म्हटलं, दोनच बिघडवत जा.

नवीन कागद येईल. पायथ्यापुरता. त्यावर सही करीन.

मला काही वाटतं म्हणून नाही करत हे. मापाला बरोबर आहे म्हणून.

९ मार्च

अर्जाचं उत्तर नात तोंडीच घेऊन आली. ऑफिसच्या यादीत 'तळं' हा प्रकारच नाही. माणसाने खणलेलं आणि जुनं नसलेलं, म्हणजे खड्डा. मॅडमना वाईट वाटलं, पण कॉम्प्युटर दुसरं काही घेत नाही.

माझ्याकडच्या कागदावर मी पेनने दुरुस्ती केली. दोन्ही प्रतींवर.

११ मार्च, सकाळ

चालले. दीड तास.

उतारावर हात धरायला कुणीतरी हवं म्हणून मास्तरांशी बोलणं सुरू केलं. माफी वगैरे मागितली नाही, त्यांनीही विचारली नाही. वर पोचलो तर मास्तर भिंग विसरून आले होते. मी चष्मा. म्हणजे मी घेतला होता, पण पर्समध्ये सूनबाईचा निघाला.

मास्तर काठावर बसले. म्हणाले, छान आहे हो. किती वर्षं लागली? म्हटलं, अकरा. म्हणाले, आणि तुम्ही यायचात का बघायला?

म्हटलं, मास्तर, पट्टी वाचा.

वाकले, डोळे बारीक केले. म्हणाले, पाच. किंवा साडेपाच. खात्री कमी.

वहीच्या पुढच्या बाजूला, रकान्यात लिहिलं. वरचं: साडेपाच. खालचं मोजलं नाही.